गाडी चालू आहे की बंद?

खोबरेल तेलाची बाटली काल सकाळी तळहातावर उपडी केली, तर एक थेंब खाली येईना. म्हणजे आली थंडी. विक्रोळीत आम्ही ह्याहून वेगळं थर्मामीटर कधी वापरलेलं नाही. बाटली खिडकीच्या कठड्यावर उन्हात ठेवायची आणि ठेवताना कठड्यावरून एक बोट फिरवून बघायचं. बोट काळं झालं की दुसरी बातमीही पक्की: धूर खाली बसला. पावसाळ्यात तो धुऊन जातो, उन्हाळ्यात वर उडून जातो. थंडीत मात्र खाडीवरून, हायवेवरून, कारखान्यांच्या भिंतींवरून सरपटत येतो आणि कन्नमवार नगरच्या इमारतींमधल्या अंगणात मुक्काम ठोकतो. जायचं नाव घेत नाही. दोरीवरची पांढरी कापडं संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतात.

मी ह्या धुराविरुद्ध पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून. सायक्लोस्टाईलची शाई माझ्या नखांतून जात नाही आणि उद्गारचिन्ह माझ्या वाक्यांतून जात नाही, असं माझे मित्र म्हणतात. म्हणोत. ज्या गावात मुलं सकाळी उठून काळा शेंबूड शिंकरतात तिथे पूर्णविराम देऊन गप्प बसणाऱ्यांबद्दल मला फारसा आदर नाही.

तर काल बोट काळं झालं, आणि मी चिडायला हवं होतं. चिडलेही. पण त्याच्या आधी क्षणभर कान लावून उभी राहिले. अंगणातून रोजच्यासारखंच काहीतरी ऐकू येत होतं, अगदी साधं. त्याने एवढं बरं वाटलं की पत्रकाचं स्टेन्सिल बाजूला ठेवलं आणि हे लिहायला घेतलं. पत्रकात बरं वाटण्याला जागा नसते.

काही वर्षांपूर्वीची अशीच थंडी. आमच्या घरात तेव्हा एकच विषय होता: गाडी कुठली घ्यायची. हसू नका. आमच्या घरात त्याआधी सायकलही नव्हती.

अण्णा म्हणजे माझे वडील. गिरणीत मागावर होते, विणकर. संप झाला, संप लांबला, संप मिटल्याचं कोणी कधी सांगितलं नाही, आणि अण्णांचं खातं पुन्हा सुरू झालं नाही. मग त्यांनी गाडी चालवायला शिकून घेतलं आणि एका माणसाच्या गाडीवर ड्रायव्हर लागले. आमच्या कॉलनीतली मुलं घाटकोपरच्या शाळेत न्यायची, दुपारी परत आणायची. गाडी तशी जुनी, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेली. सकाळी ती चालू झाली की तळमजल्यावरच्या आमच्या घरात कपबशा वाजत आणि खिडकीतून निळा-काळा लोट सरळ स्वयंपाकघरात येई.

आता ऐका गंमत. त्याच थंडीत मी आणि मिलिंदने काढलेल्या पत्रकाचं पहिलं वाक्य होतं, "डिझेलचं इंजिन बसवून पैसे वाचवणाऱ्यांनो, तुमची बचत आमच्या छातीत साठते आहे!" मिलिंद कांबळे माझ्याबरोबर ह्या कामात पहिल्यापासून. टागोर नगरात राहतो, चित्रं झकास काढतो. त्याने खाली एक गाडी काढली होती, मागे शेपटीसारखा धूर असलेली. पत्रक वाटताना आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी परबकाका चष्मा कपाळावर चढवून ते चित्र बघत राहिले.

"नंदे, ही अण्णांची गाडी काय गं?"

"कुठलीही असेल, काका."

"नाही, नंबर तेवढा घालायचा राहिलाय." मग पत्रकाची घडी करून खिशात टाकत म्हणाले, "आधी घरचं धुराडं बंद कर, मग गावची विझव."

मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. पण रात्री झोप आली नाही हे खरं.

गाडीमालकाने गाडी विकायला काढली ती ह्याच सुमाराला. अण्णांना त्याने आधी विचारलं, तेवढी माणुसकी त्याच्यात होती. अण्णा खूश होते. हाताखालची गाडी, सगळ्या खोडी माहीत. पैशांचं कसं जमणार होतं तो आईचा आणि पतपेढीचा विषय, त्यात मला पडायचं नाही. मी पडले ती वेगळ्याच जागी. मिलिंदने बातमी आणली होती की घाटकोपरला एका गाळ्यात कांतीभाई नावाचे गृहस्थ आहेत, कारखान्यांतल्या बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉल्या दुरुस्त करतात, आणि त्यांनी एक जुनी मोटार घेऊन तिचं इंजिन उपसून तिथे मोटर आणि बॅटऱ्या बसवल्यात. कागदपत्रं झालेली. गाडी चालते. धूर नाही. विकायची आहे.

"अण्णांची रोजची फेरी ठरलेली," मिलिंद म्हणाला. "सकाळी जायचं, घरी यायचं, वायर लावायची. दुपारी जायचं, यायचं, वायर लावायची. ह्या गाडीला असाच माणूस पाहिजे, यार. आणि बघ ना, त्या गाडीवर आपला बोर्ड लावला तर!"

मला तो बोर्ड डोळ्यांसमोर दिसला. अक्षरंसुद्धा दिसली.

पण त्या थंडीत आमच्या घरावर खरं संकट होतं ते धुराचं नव्हतं. ते होतं अण्णांच्या कानांचं.

गिरणीच्या विणकाम खात्यात कधी गेला आहात? मी लहानपणी एकदा दारापर्यंत गेले होते. आवाज कानांनी ऐकू येत नाही तिथे, तो दातांत येतो. शेकडो माग एकदम. त्या खात्यात कोणी ओरडून बोलत नाही, कारण उपयोग नाही. माणसं ओठ हलवतात, नुसते. समोरचा ओठ वाचतो. चार मागांपलीकडच्या माणसाला अण्णा जत्रेला कधी निघायचं ते आवाज न काढता विचारायचे आणि उत्तर मिळायचं. आईने ती भाषा लग्नानंतर उचलली, मी जन्मापासून. आमच्या घरात भांडणं पुष्कळदा मूक होत. शेजाऱ्यांना वाटे, काय सुखी कुटुंब.

माग थांबले तेव्हा कळलं की अण्णांचे कान मागांबरोबरच गेलेत. उजवा जवळजवळ पूर्ण. डावा असा की शांतता असेल तर चालायचा, गोंगाटात नाही. घरात हे लपून जाई, कारण आम्ही समोर उभं राहून बोलायचो. आई पूर्वी त्यांना "आयकलात?" अशी हाक मारायची, आमच्या कोकणातल्या बायका नवऱ्याला मारतात तशी. ती हाक तिने सोडून दिली. खांद्याला हात लावायची.

गाडीत मात्र मुलं मागे बसतात. ओठ मागे असतात. आणि डिझेलच्या खडखडाटात डावा कानही गेला. डिसेंबरात एके दुपारी मागच्या सीटवरची प्राची "काका थांबा, काका थांबा" म्हणत राहिली. पोट ढवळत होतं पोरीचं. अण्णांना पत्ताच नाही. बाकीची मुलं ओरडली, तरी ह्यांना वाटलं रोजचा दंगा चाललाय. पोरगी कपड्यांवर ओकली, आणि रडत घरी गेली.

संध्याकाळी तिची आई, देसाई वहिनी, आमच्या दारात. भांडायला आल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं.

"अण्णा, राग मानू नका. पण तुम्हाला ऐकू येतं ना?"

अण्णांनी ओठ वाचले. "येता की. न येऊक काय झाला?"

"नाही, म्हणजे... जूनमध्ये शाळा नव्याने सुरू होईल, तेव्हा बघू काय ते," असं म्हणून त्या खाली बघत निघून गेल्या.

बाई वाईट नव्हती. मी तिच्या जागी असते तर दारात उभी राहून पत्रक वाचून दाखवलं असतं. पण एक मूल गेलं की दुसरं जाणार, आणि मुलं गेली की अण्णांच्या हातातली चाक धरायची कामगिरीसुद्धा गेली. एक खातं बंद झालेलं माणूस सोसतं. दुसरं बंद झालं तर? मी रोज रात्री अण्णांकडे बघायचे. ते भर थंडीत टेबलफॅन लावून झोपायचे, चादर डोक्यावरून घेऊन. वाऱ्यासाठी नाही. घरघर लागायची त्यांना. संपाच्या पहिल्या आठवड्यापासूनची सवय. शांततेत त्यांना झोप येत नसे.

ह्या गोष्टी मला तेव्हा माहीत होत्या. सगळ्या, वेगवेगळ्या. त्यांची एकमेकींशी गाठ मात्र मारता आली नव्हती.

एका रविवारी मी अण्णांना घाटकोपरला घेऊन गेले. कांतीभाई गाळ्याच्या दारातच उभे, पायजमा, बंडी, खिशाला दोन स्क्रूड्रायव्हर. गाडी फिकट हिरवी. मोठ्या प्रेमाने पुसलेली.

"बेसा अण्णासाब. आपलीच समजा."

अण्णा बसले. कांतीभाईंनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि म्हणाले, "चालू."

अण्णांनी काय केलं ते मी कधी विसरणार नाही. उजवा तळवा उघडा करून डॅशबोर्डवर ठेवला. विणकर मागाच्या चौकटीवर ठेवतो तसा. माग चालू आहे, बरा चालू आहे, दुखतोय, सगळं त्या तळव्यात येतं म्हणे. मग तळवा उचलून पुन्हा ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"बंद आसा."

"चालू आहे, अण्णा!"

"बंद आसा गो. हाताक काय्येक लागना नाय." आणि गाडी चालू करावी म्हणून त्यांनी पाय दाबला.

गाडीने उडी मारली. मांजर मारतं तशी, आवाज न करता. समोरच्या स्टुलावर कांतीभाईंचा चहा होता, तो स्टुलासकट गेला. मागे रिकाम्या पत्र्याच्या डब्यांची रास होती, ती मात्र भरपूर वाजली. अण्णांनी ब्रेक मारला. मग दार उघडून उतरले, किल्ली काढून कांतीभाईंच्या हातात दिली आणि सरळ चालायला लागले.

"अण्णासाब, कसली चूक नाय झाली! पहिल्या वेळी सगळ्यांचं असंच होते!" कांतीभाई ओरडले. अण्णांची पाठ होती. त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

बसस्टॉपवर मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि बोलायला सुरुवात केली. काय काय बोलले! धूर, आईचा खोकला, मुलांची छाती, डिझेल, सरकार, सगळं. मुद्द्याला मुद्दा. आजूबाजूचे लोक बघायला लागले. अण्णांनी माझं सगळं ओठांवरून वाचून घेतलं, शेवटपर्यंत. मग म्हणाले, "खाता बंद झाला त्या दिवशी मी मागावर असोच हात ठेवलेलो. तो असोच बंद लागलेलो."

मला चीड आली ती ह्याचीच. मालकांवर चिडता येतं, सरकारवर चिडता येतं. आपल्या बापाच्या तळव्यावर कसं चिडणार?

"संपलं रे," मी मिलिंदला सांगितलं. "अण्णा डिझेलचीच घेणार."

"तू नीट समजावलं नसशील."

"मी? मी समजावलं नसेन?"

"तू समजावतेस कुठे, तू जाहीर करतेस," तो म्हणाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

संक्रांत आली. आमच्या कॉलनीत संक्रांत म्हणजे गच्चीवर मुलं, तारांवर अडकलेले पतंग, आणि प्रत्येक दारात तिळाचा वास. आईने काळी साडी काढली, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. पाटावर सुगडं मांडली, त्यात बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे. बायका येत होत्या, वाण घेत होत्या, गोड बोलत होत्या. देसाई वहिनीही आल्या. आईच्या हातावर तिळगूळ ठेवताना त्यांना काय बोलावं ते कळेना, आणि आईलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात ती फिकट हिरवी गाडी येऊन उभी राहिली, आणि ती आली कधी हे कोणालाच कळलं नाही. पतंगाचा दुसरा दिवस, म्हणून कांतीभाईंचा गाळा बंद होता, आणि त्यांना घरी बसवत नव्हतं. हातात तिळाच्या चिक्कीचा डबा.

"बेन, विकायला नाय आलो. अण्णासाब त्या दिवशी चहा न पिता गेले, त्याचा मला त्रास झाला."

आई दारात आली. तिने गाडीकडे बघितलं, आणि कपाळाला हात लावला. "आज करिदिन ना? किंक्रांत. आज नवीन काय्येक करूचा नसता. घेऊचा नाय, देऊचा नाय."

"तेच तर," कांतीभाई म्हणाले. "आज सौदा होऊच शकत नाय. म्हणून आज नुसतं फिरा."

माझी आई ही गोष्ट लगेच समजली. मला समजायला वेळ लागला. आज ठरवायचंच नाही म्हटल्यावर घरातली हवाच बदलली. मला समजावायचं नव्हतं. अण्णांना नाही म्हणायचं नव्हतं. कांतीभाईंना विकायचं नव्हतं. महिनाभर जो प्रश्न आमच्या दारात ठाण मांडून बसला होता, त्याला पंचांगाने एक दिवसाची सुट्टी दिली. मी पंचांग मानत नाही, आजही नाही. पण त्या दिवसाचे आभार मानते.

"चल तर," आई म्हणाली, आणि कालचीच काळी साडी सावरून मागच्या सीटवर जाऊन बसली, बायकांनी जत्रेच्या पाळण्यात बसावं तशी. मी तिच्याशेजारी. कांतीभाई अण्णांच्या बाजूला. ह्या वेळी त्यांनी किल्ली फिरवण्याआधी अण्णांचा हात धरून एका छोट्या लाल दिव्यावर ठेवला. "हा पेटला, म्हणजे चालू. हाताने नाय, डोळ्याने."

अण्णांनी हळूच पाय ठेवला. इमारती मागे सरकायला लागल्या. खडखड नाही, कपबशा नाहीत. टायरखाली वाळकी पानं चुरचुरत होती, आणि एक बारीक सूं असा सूर, शेजारच्या घरात शिलाईचं मशीन चालावं तसा. आम्ही हायवेला गेलोच नाही. कॉलनीच्या आतल्या रस्त्याने खाडीकडे निघालो. ओहोटी असावी, चिखलाचा वास येत होता. तिवरांवर धुकं आणि धूर एकमेकांत मिसळून बसले होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सगळे गच्चीवर, पतंगाला.

अण्णा ताठ बसले होते, दोन्ही हात चाकावर, मान पुढे. आई त्यांच्या मानेकडे बघत होती. मग नेहमीच्या सवयीने, खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता ती पुटपुटली:

"म्हातारे झाले आता. खंयतरी झाडाक आपटतले एक दिवस."

"कोण म्हातारो?" पुढून आवाज आला. "आयकतंय हा मी."

आईने माझा हात धरला. अण्णांनी मान वळवली नव्हती. आरशात बघितलं असेल? आरसा कांतीभाईंच्या बाजूला वळलेला होता, त्यात नुसतं आभाळ दिसत होतं.

अण्णांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. लाल दिवा पेटलेलाच होता. समोर बघतच म्हणाले, "परत बोल."

"काय बोलू?" आई म्हणाली.

"काय्यव बोल. हळू बोल."

आईने माझा हात धरला होता, तो तिने इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. एवढ्या वर्षांत ह्या माणसाच्या पाठीमागे तिने किती बडबड केली असेल, किती टोमणे, किती काळज्या, सगळं त्याला कळणार नाही ह्या खात्रीवर. आणि आता बोल म्हटल्यावर एक शब्द नाही. शेवटी तिला जे सुचलं ते असं, अगदी हळू:

"आयकलात?"

"आयकलंय," अण्णा म्हणाले.

कांतीभाई बिचारे गोंधळून एकदा पुढे बघत, एकदा मागे. "काय झालं? काय बिघडलं?"

"काय्येक नाय बिघडला," आई म्हणाली. पदराने डोळे पुसले आणि लगेच तोंड फिरवून मला म्हणाली, "वाट लागली गो माझी. आता ह्यांच्या पाठीमागसून काय बोलूची सोय रवली नाय."

"ह्या पण आयकलंय," पुढून आवाज.

मग आम्ही हसलो. असं हसलो की खाडीवरचे बगळे उठले.

मी रस्ताभर विचार करत होते. गाडी घेण्याच्या बाजूने मी महिनाभर मुद्दे लिहिले होते, आणि एकाही मुद्द्यात हे नव्हतं. धूर नसेल, हे मला माहीत होतं. आवाज नसेल, हेही माहीत होतं. पण आवाज नसणं म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी आवाजाला जागा होणं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अण्णांच्याही नाही. त्यांना वाटत होतं शांतता म्हणजे बंद पडलेलं खातं. तोपर्यंत तिचा दुसरा काही उपयोग त्यांना कोणी दाखवलाच नव्हता.

त्या दिवशी काही ठरलं नाही, करिदिन होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी तोंडाला लावता लावता अण्णा म्हणाले, "त्या कांतीभाईक सांग. घेऊया."

एवढंच. मी मोठ्याने हुश्श केलं.

पुढचं सगळं सोपं होतं असं नाही. परबकाका वायरीवरून भांडायला आलेच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर अंगणात, हे काय चाळीसारखं, उद्या प्रत्येकाने खिडकीतून वायर काढली तर सोसायटीचं काय होईल!

"प्रत्येकाने काढावी अशीच माझी इच्छा आहे, काका," मी म्हटलं. "तुमचीच आज्ञा ना, घरचं धुराडं आधी बंद कर म्हणून? केलं."

काका पुटपुटत गेले. आमच्याच मीटरची वीज, आमचीच खिडकी. काय करतील?

आईने दिवस निवडला रथसप्तमीचा. हळदीकुंकवाचाही शेवटचा दिवस. उगवत्या सूर्याला दूध उतू घातलं आणि मग गाडीची पूजा. चाकांखाली लिंबं, पुढे नारळ, झेंडूची माळ, आणि तिने अख्खा उदबत्तीचा पुडा पेटवला.

"आई, धूर!" मी म्हटलं. "ह्या गाडीच्या पूजेला तरी..."

"गप बस. माझ्या देवाचो धूर तुझ्या पत्रकात बसता काय?" ती म्हणाली, आणि आणखी दोन काड्या खोचल्या. मिलिंद हसत बाजूला उभा. त्याच्या काखेत बोर्ड होता, कापडात गुंडाळलेला. निळी अक्षरं, सुंदर. मी त्याला बाजूला घेतलं.

"नको रे."

"नंदे, तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. पण ही गाडी त्यांची आहे. चळवळीची नाही."

त्याने बोर्डावरचं कापड पुन्हा नीट गुंडाळलं. मग म्हणाला, "तुझ्या तोंडून हे ऐकायला मी अजून एक बोर्ड रंगवला असता." तो बोर्ड पुढे आम्ही मोर्च्यात वापरला. चांगला टिकला.

त्या दिवशी संध्याकाळी आईने गाडीतून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आयांना हळदीकुंकवाला बोलावलं. देसाई वहिनी आल्या. आणि अण्णा, जे अशा वेळी घराबाहेर पळतात, ते बायकांच्या त्या घोळक्यासमोर येऊन उभे राहिले. संपाच्या सभा सोडल्यास मी त्यांना पाचदहा माणसांसमोर बोलताना बघितलेलं नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही विचारलात, तेव्हा मी खोटा बोललंय. माका उजव्या कानान ऐकू येत नाय. डाव्यान येता, पण गडबड नसली तर. ही गाडी गडबड करत नाय. तुम्ही मागे बसा. पोरगी जेवढ्या आवाजात बोलता तेवढ्याच आवाजात बोला. नाय ऐकलंय तर जूनपर्यंत कशाक थांबता, उद्यापासून पाठवू नका."

वहिनी बसल्या. प्राचीला मांडीवर घेऊन. अंगणाला एक चक्कर, इमारतीला एक चक्कर. आम्ही सगळ्या बायका वाण हातात धरून दारात उभ्या. गाडी परत आली तेव्हा आधी आली की नाही तेच कळलं नाही. मग दार उघडलं आणि प्राची उडी मारून उतरली. "आई म्हणाली, काका तुमची कॉलर उसवलीये. तर काका म्हणाले, शिवून द्या!"

देसाई वहिनींचा चेहरा लालेलाल. पण हसत होत्या. आईने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि ह्या वेळी दोघींनाही काय बोलायचं ते सापडलं.

गाडी अजून आहे. बॅटऱ्यांत पाणी घालायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय. लोणच्याची बरणी बघते तशी एकेक झाकण उघडून डोकावते आणि डिस्टिल्ड वॉटर ओतते. पावसाळ्यात पाणी भरलं की अण्णा गाडी उंच रस्त्यावर नेऊन ठेवतात आणि भिजत परत येतात. बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात, दुपारी वायर लावायला उशीर झाला तर परतीला रडते. कांतीभाई येतात, चहा पितात, ठोकठाक करतात. टेबलफॅन अजून लागतो. सगळंच काही एका गाडीने सुटत नाही. धूरही सुटलेला नाही, तो खिडकीच्या कठड्यावर आहे, माझ्या बोटावर आहे, आणि ज्या धुराड्यांतून माझ्या घरात वीज येते तिथेही आहे, हे मला माहीत आहे. त्यांच्यावरचं पत्रक अर्धं लिहून झालंय.

पण काल सकाळी मी काळं बोट घेऊन खिडकीत उभी होते तेव्हा गाडी अंगणात उभी होती. मुलं एकेक करून मागे चढत होती. धुक्यात नीट दिसत नव्हतं. एक नवीन मूल होतं, ह्याच वर्षी आलेलं, इतकं बारीक बोलणारं की वर्गात बाईंनाही ऐकू जात नसेल. ते मागच्या सीटवरून विचारत होतं, "काका, गाडी चालू आहे की बंद?"

आणि अण्णा, मागे न बघता, म्हणाले, "चालू आसा रे. बस नीट."